वारशाच्या क्रॉकरीत पाडव्याची सहा पानं

मराठी घरातलं जुनं काचसामान काढलं की कपबशा ढिगाने निघतात आणि जेवायच्या प्लेट्स मोजक्याच. सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात चिनी मातीला थारा नसे. तांबं-पितळ राखेने, चिंचेने घासलं की शुद्ध होतं, चिनी माती होत नाही, अशी धारणा होती. लोणच्याच्या बरण्या तेवढ्या आत राहिल्या. बाकी सगळी चिनी माती चहाच्या निमित्ताने घरात आली आणि बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात बसली. त्यामुळे पाडव्याला गुढी उतरल्यावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी शक्य तितक्या जुन्या भांड्यांत सहा पानं मांडायची म्हटल्यावर टेबलावर जमलं ते असं: निळ्या विलो नक्षीच्या (झाडं, पूल, पाखरं असलेली जुनी इंग्रजी नक्षी) सात सूप प्लेट्स आणि चार डिनर प्लेट्स, सोनेरी काठाचा जपानी टी-सेट (किटलीला झाकण नाही), कोलकात्याच्या बेंगॉल पॉटरीज कारखान्याच्या जाड पांढऱ्या क्वार्टर प्लेट्स, झाकणाचं एक मोठं सूपचं भांडं, चोच असलेलं ग्रेव्हीचं भांडं आणि दुसऱ्या घराकडून आलेल्या चांदीच्या वाट्या.

यातलं एकमेकांशी काही जुळत नाही आणि जुळवण्याच्या नादी लागूही नये. इंग्रजी डिनर सेट एकामागून एक येणाऱ्या पदार्थांसाठी घडवलेला असतो. सूप येतं, त्याची प्लेट जाते, मग मासे, मग मटण, शेवटी गोड. आपल्या पानात सगळं एकदमच असतं, त्यातलं निम्मं पातळ आणि निम्मं आंबट. म्हणून कुठल्या भांड्यात काय जाणार हे नक्षीवरून ठरवून चालत नाही. भांडं काय सोसतं ते आधी बघावं लागतं. हे काम आठवडाभर आधी करावं, कारण डाग काढायला लागणारा वेळ आदल्या दिवशी मिळत नाही.

पहिली परीक्षा आवाजाची. प्लेट डाव्या हाताच्या पाच बोटांच्या टोकांवर तोलायची आणि काठावर नखाने टिचकी मारायची. धड प्लेट वाजते आणि नाद क्षणभर रेंगाळतो; तडा असेल तर आवाज बद्द येतो. बोन चायना आणि पोर्सेलीनचा नाद उंच, विलोच्या प्लेट्स बहुधा ज्या अर्दनवेअरच्या, म्हणजे सच्छिद्र भाजलेल्या मातीच्या, असतात त्याचा खालचा. म्हणून एका जातीच्या प्लेटची तुलना तिच्याच थप्पीतल्या प्लेट्सशी करायची. सातपैकी एक सूप प्लेट बद्द वाजली. डोळ्यांना तिच्यात काही दिसत नव्हतं. तिरप्या उजेडात धरल्यावर काठापासून दीड इंच आत गेलेली केसाएवढी तपकिरी रेघ दिसली. अशा प्लेटमध्ये गरम वरण पडलं की रेघ पुढे सरकते, कधी जेवता जेवताच. ती बाजूला काढली.

दुसरी परीक्षा टॉर्चची, अंधाऱ्या खोलीत. पोर्सेलीन आणि बोन चायनामागे टॉर्च धरली तर उजेड आरपार येतो, मधे धरलेल्या बोटांची सावली दिसते आणि तडा असेल तर काळी रेघ उमटते. जुनी डागडुजीही इथेच कळते, कारण सरस लावलेली जागा वेगळ्या रंगाची दिसते. अर्दनवेअरमधून उजेड जातच नाही, तिथे टॉर्चचा उपयोग नाही. बोन चायनाचा उजेड दुधाळ, किंचित पिवळसर असतो. त्याच्या मातीत साधारण निम्मी हाडांची राख असते, बहुतेक गुरांच्या हाडांची. हे ज्यांना चालत नाही त्यांना आधीच विचारावं. नैवेद्याचं पान तर आम्ही केळीच्या पानावर नाहीतर चांदीतच वाढतो.

प्लेट उलटी केली की वयाचा अंदाज येतो. अमेरिकेने १८९० मध्ये केलेल्या आयात कराच्या कायद्यामुळे १८९१ पासून तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं भाग पडलं. म्हणून नुसतं 'इंग्लंड' असेल तर प्लेट बहुधा १८९१ नंतरची, आणि 'मेड इन इंग्लंड' बहुतेक विसाव्या शतकातलं. जपानी सामानावर १९२१ पर्यंत 'निप्पॉन' सापडतं, पुढे 'जपान'. 'ऑक्युपाईड जपान' असेल तर ते दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकी ताब्याच्या काळातलं, १९५२ च्या आधीचं. आमचा टी-सेट नुसत्या 'जपान'चा निघाला. या शिक्क्यांवरून किंमत ठरवणारे ठरवोत. जेवायला बसणाऱ्याच्या दृष्टीने यातून एवढंच कळतं की भांडं १९७० च्या दशकाआधीचं आहे का. त्याआधी ग्लेझमधल्या (भांड्यावरच्या काचेसारख्या चकचकीत थरातल्या) आणि रंगांमधल्या शिशावर फारसा लगाम नव्हता.

पितळेत आंबट कळकतं हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं, म्हणून तर कल्हई करायची. चिनी मातीबद्दल ती शंका कुणाला येत नाही, आणि यायला हवी. नक्षीवरून डोळे मिटून बोट फिरवायचं. फुलं, पानं, सोनेरी रेघा बोटाला लागल्या तर रंग ग्लेझच्या वर भाजलेला आहे. जुन्या अशा रंगांत शिसं असण्याची शक्यता दाट. विलोची निळी नक्षी बोटाला लागत नाही. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र पातळ कागदावर छापून तो कागद कच्च्या भाजलेल्या प्लेटवर दाबतात आणि ग्लेझ त्यावर चढवतात. काठावरच्या पट्टीत कुठेतरी त्या कागदाचा जोड सापडतो, नक्षी अर्धवट तुटून पुन्हा सुरू होते. मात्र नक्षी खाली असली तरी वरचं ग्लेझच शिशाचं असू शकतं. बाजारात रंग बदलणाऱ्या तपासणीच्या काड्या मिळतात, त्या पृष्ठभागावर शिसं आहे की नाही एवढंच सांगतात. अन्नात ते किती उतरतं हे प्रयोगशाळेत कळतं. तिथे भांडं ४ टक्के ॲसेटिक ॲसिडने भरून २४ तास ठेवतात आणि द्रावणात आलेलं शिसं मोजतात. आंबटपणा, उष्णता आणि वेळ या तिन्हींनी शिसं सुटतं. जुन्या भांड्यात दही लावणं, चटणी झाकून ठेवणं, लिंबाच्या फोडी तासभर पडू देणं बंद. लहान मुलांचं आणि गरोदर बाईचं पान सरळ स्टीलमध्ये वाढतो, त्यात हौस आड येऊ देत नाही.

आता चैत्रातला स्वयंपाक बघा: आंबेडाळ, पन्हं, श्रीखंड, मठ्ठा, कैरीची चटणी, दह्यातली कोशिंबीर. सगळा मेळा आंबटाचाच. श्रीखंड चांदीच्या वाटीत गेलं. आंबेडाळ, मटकीची उसळ साध्या काचेच्या वाट्यांत. पन्हं, मठ्ठा काचेच्या पेल्यांत. सगळंच जुनं हवं असा हट्ट धरला तर आंबेडाळ शंभर वर्षांच्या बशीत जाते.

उरला हळदीचा प्रश्न. जुन्या अर्दनवेअरच्या ग्लेझवर बारीक रेषांचं जाळं असतं. आतली सच्छिद्र माती वर्षानुवर्षं हवेतला दमटपणा शोषून किंचित फुगते, ग्लेझ फुगत नाही, त्याला भेगा पडतात. मुंबई-कोकणातल्या घरांत हे जास्त. त्या भेगांतून हळद आणि तेल आत जातं आणि जाळं पिवळं होऊन उठून दिसतं. आमच्या चारही डिनर प्लेट्सना जाळं होतं, त्यातल्या दोन मधोमध तपकिरी पडलेल्या. औषधाच्या दुकानात मिळणारं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड कापसावर घेऊन तो कापूस डागावर पसरायचा, वरून प्लास्टिक घट्ट लावायचं, कापूस सुकला की बदलायचा. प्लेट आधी साध्या पाण्यात तासभर भिजवून घ्यावी, नाहीतर सुटलेला डाग आणखी आत ओढला जातो. दोन-तीन दिवसांत डाग फिका होतो, पूर्ण जात नाही. सोनेरी काठाच्या किंवा वर रंग असलेल्या भांड्याला हे लावायचं नाही. कपड्यांचं ब्लीच तर कशालाच नाही: त्यातले क्षार मातीत बसतात, सुकताना त्यांचे खडे होतात आणि ग्लेझचे पापुद्रे सुटतात. ताज्या हळदीला मात्र ऊन पुरतं. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. धुतलेली प्लेट सकाळच्या उन्हात ठेवली की संध्याकाळपर्यंत पिवळेपणा बराच उतरतो.

प्लेट्सवर करड्या ओरखड्यांसारख्या रेषा दिसतात, त्यांना ओरखडे समजून प्लेट टाकून देऊ नये. बऱ्याचदा ते स्टीलच्या चमच्याचं धातू ग्लेझवर घासून बसलेलं असतं. खाण्याच्या सोड्याची ओली पेस्ट बोटाने हलकी चोळली की जातात. सोन्यावर सोडाही नको. तारेची घासणी आणि नारळाची शेंडी या कामातून बादच.

वाटणी करताना आधी डिनर प्लेटच मुख्य पान म्हणून धरली होती. एक रंगीत तालीम केल्यावर बेत बदलला. दहा इंची डिनर प्लेटचा काठ बाहेर उतरता असतो आणि मधला सपाट भाग जेमतेम पावणेसात इंच. काठावर वाटी ठेवली तर कलंडते. ताटाला असते तशी उभी कड नाही, त्यामुळे वरण-भात कालवताना वरण काठावर चढतं आणि टेबलक्लॉथवर उतरतं. नऊ इंची सूप प्लेट मात्र सव्वा इंच खोल असते, वरण-भाताला अगदी बेतशीर. म्हणून सहा सूप प्लेट्स मुख्य पान झाल्या आणि जाळं पडलेल्या डिनर प्लेट्स पुऱ्यांच्या परड्यांखाली ठेवायला गेल्या.

पानाची डावी बाजू प्रत्येकाच्या डावीकडच्या पांढऱ्या क्वार्टर प्लेटमध्ये गेली: लिंबू, चटणी, कोशिंबीर, कडेला पापड-कुरडई. या प्लेट्सवर नक्षी नाही, पण ग्लेझची खात्री कोण देणार? म्हणून केळीच्या पानाचे साडेचार इंची गोल कापून आत बसवले. पान आधी गॅसच्या आचेवरून भरभर फिरवायचं. हिरवा रंग गडद होऊन चकाकी आली की ते लवचीक होतं, चिरत नाही. जास्त धरलं की जळतं. त्यावर कितीही लिंबू पिळा. मीठ सूप प्लेटच्या वर, टेबलावरच ठेवलेल्या अंड्याच्या कपात. उजवीकडे वरून खाली उसळ, आंबेडाळ, श्रीखंड अशा वाट्या थेट टेबलावर. बटाट्याची सुकी भाजी तेवढी सूप प्लेटमध्येच उजव्या अंगाला.

या मांडणीला जागा लागते. इंग्रजी हिशोबात माणशी दोन फूट पुरतात. सहा इंची क्वार्टर प्लेट, नऊ इंची सूप प्लेट, चार इंच वाट्यांचे आणि मधली फट धरली तर वीस इंच तिथेच संपतात आणि पन्ह्याचा पेला ठेवायला कोपर आत घ्यावं लागतं. सव्वादोन फूट धरावेत. सहा फूट लांब, तीन फूट रुंद टेबलावर लांब बाजूला तीन-तीन न बसवता दोन-दोन बसवले आणि दोन्ही टोकांना एकेक. एवढी भांडी असताना पाहुणा हात आखडून जेवू लागला की काहीतरी फुटणार हे नक्की.

टेबलावर आधी जुनी सोलापुरी चादर, त्यावर पांढरा सुती टेबलक्लॉथ. चादर आवाज खाते, पण तिचं खरं काम वेगळं आहे. पुरी एका हाताने तोडताना बोटं प्लेटला दाबतात आणि ढकलतात. नुसत्या पॉलिशच्या टेबलावर हलकी प्लेट इंच-इंच सरकत वाट्यांवर जाऊन आदळते. खाली जाड कापड असलं की बुडाची खरखरीत कडी त्यात रुतते. सहा बाय तीनच्या टेबलाला ९० बाय ५४ इंचांचं कापड बरोबर बसतं, चारी बाजूंनी नऊ इंच लोंबतं. नऊवारी इरकल अंथरायची कल्पना अनेकांना सुचते. रुंदी साधारण ४५ इंच, म्हणजे बाजूला साडेचार इंचच उतरतात, आणि लांबी भलतीच उरते. शिवाय पाणी सांडलं तर रंग सुटायची भीती. घडी करून मधोमध दीड फुटी पट्टा टाकला तर छान दिसते, काठ दोन्ही टोकांना पडतात. त्यावर फक्त फुलं ठेवायची.

फुलांना झाकण हरवलेली किटली घेतली. आत काचेचा पेला उतरवून त्यात पाणी भरलं, म्हणजे किटलीच्या आतल्या तड्यात पाणी मुरत नाही. आंब्याची डहाळी आणि कडुनिंबाची कोवळी पालवी, उंची बारा इंचांच्या आत, नाहीतर समोरच्याचं तोंड दिसत नाही. कडुनिंबाचा मोहोर दिसायला सुंदर, पण पंख्याखाली त्याची फुलं आमटी-वरणात गळतात, म्हणून मोहोर खुडून टाकला. पळसाची फुलं टाळली, त्यांचा रंग कापडाला लागतो. मोगरा संध्याकाळी उमलतो आणि मसालेदार जेवणावर मात करतो. तो पाहुण्यांच्या हातात दारातच दिला. मेणबत्त्यांचं तर नावच नको. चैत्रात पंखा बंद ठेवून कोण जेवेल?

वाढताना वरणाचं सूपचं भांडं सांभाळावं लागतं. त्यात साधारण ४५ अंशांचं, म्हणजे हात सोसेल इतकं गरम पाणी दहा मिनिटं ठेवायचं, ओतून पुसायचं, आणि कुकरमधून काढलेलं वरण पाचेक मिनिटं निवल्यावर आत घालायचं. भांडं एसीच्या खोलीतल्या कपाटातून आलेलं असेल तर हे टाळूच नये. पानात आधी भाताची मूद, वरण तिच्यावर. रिकाम्या थंड प्लेटवर उकळतं वरण पडू द्यायचं नाही. तूप ग्रेव्हीच्या भांड्यात. त्याची चोच प्रत्येक वेळी थेंब खाली सोडते, म्हणून खाली बशी आणि चोचीला गुंडाळलेला सुती रुमाल.

पुऱ्या चिनी मातीत रचल्या की खालच्या मऊ पडतात. वाफेला जायला जागा नसते, ती गुळगुळीत पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. वेताच्या परडीत कापड घालून एका वेळी दहा-बाराच ठेवायच्या, परडी डिनर प्लेटवर. श्रीखंड सहा जणांना ९०० ग्रॅम पुरलं; पहिल्यांदा १०० ग्रॅमची वाटी, मग आग्रह. चांदीची वाटी फ्रिजमध्ये ठेवू नये. बाहेर काढल्यावर तिला दव धरतं आणि कापडावर गोल ओला डाग उमटतो.

जपानी कप जेवणात आलेच नाहीत. कपाची उंची वाटीपेक्षा जास्त, बोटं तळाशी पोचत नाहीत, आणि सोनेरी काठावरून सतत हात फिरला की सोनं झिजतं. त्यांत जेवणानंतर जायफळ घातलेली कॉफी दिली, पाच कपांत. सहावा तुटलेला, त्याजागी एक साधा पांढरा. त्यांच्या बशांत गोविंदविडे.

उष्टी भांडी सिंकमध्ये रचून ठेवायची सवय या रात्रीपुरती मोडावी. प्लास्टिकच्या टबात तळाला टॉवेल, कोमट पाणी, थोडा लिक्विड साबण, एका वेळी एकच भांडं. वाट्या, चमचे आणि अंगठ्या या टबाजवळ येऊ द्यायच्या नाहीत. कप कानाला धरून उचलायचा नाही. कान पूर्वी सरसाने चिकटवलेला असेल तर गरम पाण्यात तो हातात येतो. आणि एपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या रासायनिक गोंदाने, जोडलेलं काहीही जेवणात वापरायचंच नाही, फुलांना आणि किल्ल्यांना ठेवावं. सोनेरी काठाचं काही मायक्रोवेव्हमध्ये गेलं तर ठिणग्या उडतात. डिशवॉशरमध्ये सोनं हळूहळू धुऊन जातं.

प्लेट्सच्या बुडाच्या कडीला ग्लेझ नसतं किंवा ते झिजलेलं असतं. ती कानसीसारखी खालच्या प्लेटची नक्षी खरवडते. जुन्या सुती साडीचे आठ इंची गोल कापून प्रत्येक दोन प्लेट्समध्ये घालावेत. वर्तमानपत्र नको, शाई जाळ्यात उतरते. एका थप्पीत सहापेक्षा जास्त प्लेट्स नाहीत, कपावर कप नाही. आणि कपाटाचं दार लगेच लावू नये. अर्दनवेअर वरून कोरडं दिसलं तरी बुडाच्या कडीतून पाणी आत गेलेलं असतं. दिवसभर पंख्याखाली पालथं ठेवून मगच रचावं, नाहीतर पुढच्या वेळी थप्पी काढताना कुबट वास येतो आणि गोल कापडांवर बुरशीचे ठिपके पडलेले असतात.